शेऱ्याच्या रकान्यातली एकोणीस नावं

लिलाधर वलथरे यांना मी आधी हर्षाचे वडील म्हणूनच ओळखत होते. पवनीच्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते आणि हर्षा माझ्या वर्गात होती. पालकसभेला हा माणूस दाराजवळच्या बाकावर बसायचा. सभा संपेपर्यंत दोनदा तरी उठून व्हरांड्यात जायचा, फाटकाकडे नजर टाकायचा आणि परत येऊन बसायचा. मला वाटायचं, बाहेर कोणी वाट पाहत असेल. तसं कोणी नसायचं.

घर ढिवरांचं, वैनगंगेच्या काठचं. वडील श्यामलाल नदीत जाळं टाकायचे, आणि नदीत कोणी बुडालं की पोलीस पहिल्यांदा त्यांनाच बोलवायचे. लिलाधर दहा-बारा वर्षांचा असल्यापासून बापाबरोबर जायचा. पाण्यात उतरण्याआधी श्यामलाल काठावरच्या नातेवाइकांना विचारायचे, "नाव काय होतं त्याचं?" नाव कळल्याशिवाय ते बुडी मारत नसत. नाव ठाऊक नसेल तर आपण कोणाला शोधून राहिलो हेच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढे गोसेखुर्द धरणाचं पाणी चढलं, मासोळी पांगली, आणि लिलाधर आसगावच्या राइस मिलमध्ये लागला. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो. तिथे भट्टीत धानाचा कोंढा टाकता टाकता तो बॉयलरचं काम शिकला, परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलं. दोन हजार एकवीस साली नागपूरच्या एका एजंटानं त्याला सुदानला पाठवलं. नाईल नदीच्या काठी एका लहान गावात शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी होती. बरोबर शहापूरकडचा इश्वर नावाचा फिटर होता. दोघं एकाच खोलीत राहायचे आणि आळीपाळीनं भात शिजवायचे.

एप्रिल तेवीसमध्ये तिकडे लढाई पेटली. राजधानीतले बहुतेक भारतीय जहाजानं बाहेर पडले. लिलाधर जुलैच्या शेवटी घरी आला, एकटाच. इश्वर तिथेच राहिला, कारण त्याचा पासपोर्ट मालकाकडे होता आणि मालक म्हणाला, एक माणूस तरी मशीनजवळ लागतोच.

मधल्या महिन्यांत काय झालं हे लिलाधरनं घरात कोणाला सांगितलं नाही. बायको ज्योत्सना मला नंतर म्हणाली, "आले तेव्हापासून नदीवर गेले नाईत, मॅडम. ढिवराचा मानूस, अन् नळाच्या पान्यानं आंग धुवून राहिला."

*

गेल्या ऑगस्टमध्ये हर्षा तास संपल्यावर थांबली. फोन पुढे करून म्हणाली, "मॅडम, हे पप्पासाठी माझ्या मेलवर आलं. खरं आहे की फसवणूक, ते पाहून सांगा ना."

मेल इंग्रजीत होता. सामिया नावाच्या बाईनं लिहिला होता. ती मूळची सुदानची, आता परदेशात राहून युद्धातल्या साक्षी गोळा करणाऱ्या एका संस्थेत काम करणारी. दोन वर्षांपूर्वी बंदरावर एका मदत कर्मचाऱ्यानं लिलाधर यांचं नाव आणि त्यांनी दिलेला हर्षाचा मेल नोंदवून घेतला होता आणि पुढे एकच वाक्य लिहिलं होतं : गिरणी कामगार, घाटावर काय झालं ते पाहिल्याचं सांगतो. त्या वाक्यावर आम्हाला बोलायचं आहे, असं तिनं लिहिलं होतं.

त्या रविवारी लिलाधर माझ्या घरी आले. मी मेल मराठीत वाचून दाखवला. त्यांनी तो पूर्ण ऐकला, मग पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली. निळ्या पुठ्ठ्याचं बॉयलरचं लॉगबुक. तासातासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी, किती जळण टाकलं, असे रकाने. शेवटचा रकाना शेऱ्याचा. जूनच्या सातव्या आणि आठव्या तारखेच्या पानांवर त्या रकान्यात बारीक अक्षरांत देवनागरीत नावं लिहिलेली होती. मी मोजली. अठरा नावं होती, आणि एका ओळीवर फक्त "पांढरा सदरा, एका पायात चप्पल".

"हे कोण?" मी विचारलं.

"मेलेले हायेत, मॅडम," ते म्हणाले. "म्या पायले."

मला वाटलं ते पुढे सांगतील. पण त्यांनी वही परत पिशवीत घातली. "त्या बाईले सांगा, विचार करून राहिलो म्हनून."

उत्तर मी त्याच दुपारी पाठवलं. चारच दिवसांनी, दोन वर्षं कधी दोन ओळींपलीकडे न बोलणाऱ्या इश्वरचा लिलाधर यांना फोन आला. तब्येत विचारली, धान कसं आहे विचारलं, हर्षा कितवीत गेली विचारलं. ठेवता ठेवता म्हणाला, "भाऊ, ते वही तुमच्याजवर असन ना अजून?"

लिलाधर म्हणाले, "कोन्ती वही?"

मग इश्वर म्हणाला, "बरं. काई नाई," आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या वेळी त्यानं वळसा घेतला नाही. "जाळून टाका भाऊ. मालक विचारून राहिले. कोनीतरी जुन्या कामगारांना शोधून राहिलं असं त्यायले समजलं हाये."

"मालक जवर बसले हायेत का तुह्या?"

"नहीं," इश्वर म्हणाला. पण तो मालकाला समजायची त्या हिंदीत बोलू लागला होता, आणि या दोघांमध्ये हिंदी कधी नव्हती.

त्यानंतर सप्टेंबरात, पोळा होऊन गेल्यावर, इश्वरच्या नंबरावरून एक फोटो आला. लिलाधर यांच्या घराचा. दुपारच्या उन्हात काढलेला, समोरच्या गल्लीतून. दारात हर्षाची सायकल लावलेली, तारेवर तिचा कॉलेजचा ओढणी-कुर्ता वाळत घातलेला. फोटोखाली इश्वरनं लिहिलं होतं, "मले पाठवायले सांगतलं. माफ करजा."

ज्योत्सनानं सायकल आत घेतली आणि चुलीत लाकडं सारली. नवऱ्याला म्हणाली, "आना ते वही."

लिलाधर यांनी वही दिली नाही. मला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. गेलोही. जमादारानं अर्ज घेतला, फोटो पाहिला, पोरीला एकटं पाठवू नका म्हणून सांगितलं. त्याहून जास्त तोही काय करणार होता? फोटो काढणारा कोण, हे गल्लीत कोणाला सांगता आलं नाही. एजंटाचा माणूस असावा, असा लिलाधर यांचा अंदाज. त्या दिवसापासून हर्षाला कॉलेजात सोडायला आणि न्यायला ते स्वतः येऊ लागले. फाटकाबाहेर, झाडाला पाठ टेकून उभे राहायचे, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पाहत.

एक दिवस मी त्यांना विचारलं, "भाऊ, नाही बोललात तर कोणी दोष देणार नाही तुम्हाला. कशासाठी बोलायचं आहे?"

"मॅडम, त्यायच्या घरच्यायले ठाऊक नाई. ते अजून वाट पाहून राहिले असतीन. माहा बाप पान्यातून मानूस काढे, तं बाई रडे, पन त्या रात्री तिले झोप लागे. माहीत झालं ना तिले."

सामियाला मी फोटोबद्दल कळवलं. तिनं गोड बोलून काही लपवलं नाही. तिचं उत्तर असं होतं : आम्ही त्यांचं नाव कुठेही येऊ देणार नाही, कागदावर फक्त एक आकडा असेल. पण त्यांच्या दारात उभं राहून आम्ही त्यांचं रक्षण करू शकत नाही. हे ऐकूनच त्यांनी ठरवावं.

लिलाधर यांनी ठरवलं. मात्र माझ्या घरी, दिवसाउजेडी, आणि ज्योत्सना सोबत बसेल, एवढं सांगितलं.

*

ऑक्टोबरातला रविवार होता. धान निसवून पिवळं पडायला लागलं होतं. मी समोरच्या खोलीचे पडदे ओढले, लॅपटॉप लावला. पडद्यावर सामिया आली. चाळिशीची, डोक्यावर सैल ओढणी, हातात पेन्सिल. तिनं मला नियम सांगितला : ते जसं बोलतील तसंच तुम्ही बोलायचं. "ते म्हणतात" असं नाही. "मी पाहिलं" असंच.

मग ती सगळी सकाळ मी "मी पाहिलं" म्हणत राहिले.

मे महिन्यात बंदूकवाल्या लोकांनी गाव घेतलं होतं. गिरणी त्यांनी बंद पाडली नाही. त्यांना तेल हवं होतं, बाजारात विकायला. मालकानं त्यांच्याशी जुळवून घेतलं. बॉयलर चालू राहिला. नदीवरच्या पंपघरातून बॉयलरला पाणी यायचं, आणि त्या पंपावर इद्रिस नावाचा गावातलाच माणूस होता. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. दोन वर्षांत लिलाधर यांना कामापुरती अरबी त्यानंच शिकवली होती.

सात जूनला सकाळी पाणी कमी यायला लागलं. बॉयलरच्या काचेतली पातळी उतरली. लिलाधर भट्टी मंद करून पंपघराकडे गेले. नळाच्या तोंडाशी, पाण्याखाली, जाळी असते, तिच्यात काही अडकलं असावं. इद्रिसला पोहता येत होतं, पण बुडी मारता येत नव्हती. लिलाधर उतरले.

"हाताले कपडा लागला," ते म्हणाले. "वाटलं, पोतं असन. मंग कपड्याच्या आत दंड लागला."

ज्योत्सनानं पदर तोंडाशी धरला. मी तेच इंग्रजीत म्हटलं.

सामियानं विचारलं, "हात कुठे होते त्याचे?"

"पाठीमागं. बांधलेले. आमच्या गिरनीतल्या निळ्या पट्टीनं. डब्यांच्या खोक्याले बांधतो ना आमी, ते प्लास्टिकची पट्टी."

"तुम्हाला खात्री आहे, तीच पट्टी?"

"रोज पाहत होतो. अन् गाठ नव्हती, पत्र्याची क्लिप दाबली होती. ते क्लिप दाबाची मशीन पॅकिंगमंदी एकच होती."

सामियाची पेन्सिल थांबली. त्या लोकांनी बाहेर असं सांगितलं होतं की गावातली माणसं होडीनं पळताना होडी उलटली आणि बुडाली. गिरणीचा त्यात काही संबंध नाही, असं मालकही सांगत होता. आता मला कळलं, वही जाळायची घाई कोणाला होती.

इद्रिसनं त्या माणसाचा चेहरा पाहिला आणि नाव सांगितलं. गावातला शिंपी. दोघांनी मिळून त्याला काठावरच्या मऊ मातीत पुरलं. मग इद्रिस म्हणाला, लिहून ठेव. लिलाधर म्हणाले, तूच का लिहीत नाहीस? इद्रिसनं उत्तर दिलं, माझं अक्षर इथे सगळ्यांना वाचता येतं. तुझं कोणालाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी, दुपारचे तीन वाजले असतील, जाळी पुन्हा पाहायला दोघं पंपघरात गेले होते. ट्रकचा आवाज आला. बाजूलाच दगडी घाट होता. पंपघराला एकच झरोका, त्यातून घाट दिसायचा.

"किती अंतर?" सामियानं विचारलं.

"आमचं मासोळीचं लांब जाळं दोनदा पसरलं तं जेवढं होईन तेवढं."

मला हिशोब करावा लागला. त्यांना विचारलं, जाळं किती हातांचं. चाळीस मीटरच्या आसपास आलं.

"उजेड?"

"पुरा. ऊन त्यायच्या तोंडावर होतं."

ट्रकमधून अठरा माणसं उतरवली. सगळे पुरुष. हात मागे. त्यांना घाटाच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून उभं केलं. बंदूकवाले सात होते, त्यांच्यातला एक खुर्चीवर बसला. खुर्ची गिरणीच्या ऑफिसातली होती. लिलाधर यांचा हात झरोक्याच्या लोखंडी गजावर होता आणि गज तापलेला होता, पण हात काढायचं भान राहिलं नाही. तळव्यावर अजून डाग आहे. त्यांनी तो कॅमेऱ्यापुढे धरला.

मागे उभा राहून इद्रिस हळू आवाजात नावं सांगत होता. स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, अशी तिकडे नावं असतात. डावीकडून उजवीकडे. एक नाव, मग दम घेऊन दुसरं. लिलाधर यांनी लॉगबुक मांडीवर घेतलं होतं. ते वर पाहत आणि खाली लिहीत होते. सतरा नावं झाली. अठराव्याला इद्रिस ओळखत नव्हता. तो म्हणाला, परगावचा असावा. म्हणून लिलाधर यांनी जे दिसलं ते लिहिलं.

"नंतर गोळ्या चालल्या," मी म्हटलं. माझा आवाज त्या वेळी बदलला असावा, कारण सामियानं मला पाणी प्यायला सांगितलं.

"पाहिलं की ऐकलं?" तिनं विचारलं. हा प्रश्न ती प्रत्येक वाक्यानंतर विचारत होती.

"पहिले चार जन पडताना पायले. मंग डोळे मिटले. बाकीचं आयकलं."

"डोळे मिटले हे तुम्ही सांगितलं, बरं झालं," सामिया म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. लिलाधर यांनी मान हलवली. त्यांना त्याची शरम वाटत होती, हे दिसत होतं.

मग तिनं नावं वाचायला सांगितली. लिलाधर वहीतून वाचायचे, सामिया ती आपल्या तोंडानं उच्चारायची, लिहून घ्यायची. देवनागरीतून गेलेली ती नावं तिच्या तोंडी पुन्हा माणसांची व्हायची. अकराव्या नावाशी ती अडली. "पुन्हा वाचा."

"युनुस हमीद बशीर."

तिनं लिहिलं. मग म्हणाली, "ज्यानं ही नावं सांगितली, त्या इद्रिसचं पूर्ण नाव तुम्हाला माहीत आहे?"

लिलाधर आठवू लागले. "ड्युटीचा तक्ता मीच लिवत होतो. इद्रिस... इद्रिस हमीद बशीर."

मला आधी कळलं. भाषांतर करायला म्हणून मी तोंड उघडलं आणि थांबले. नाव दोन्ही भाषांत सारखंच होतं, सामियानं ते ऐकलं होतं. लिलाधर आमच्या दोघींकडे पाहत राहिले. मग त्यांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहिलं.

"त्याचा भाऊ होता काय?" त्यांनी मला विचारलं. मी कोणालाच काही विचारलं नाही. "पन त्याचा आवाज तं बदलला नाई, मॅडम. दहावं सांगतलं तसंच अकरावं सांगतलं. मी वर पाहून राहिलो होतो, तो माह्या मागं उभा होता. मी मागं वळून पायलंच नाई."

सामियानं अर्धा तास काम थांबवलं. ज्योत्सना उठली, माझ्या स्वयंपाकघरात गेली आणि न विचारता चहा ठेवला. वही जाळा म्हणणारी तीच होती. कप नवऱ्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "बाकीचे वाचून टाका. अर्ध्यात नोका सोडू."

त्यांनी उरलेली नावं वाचली. वही घेऊन बाहेर कसे पडलात, या प्रश्नावर ते म्हणाले, बंदराच्या वाटेवर नऊ नाक्यांवर झडती झाली. एकानं पान न् पान उलटलं. शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय? लिलाधर म्हणाले, बॉयलर. त्यानं वही अंगावर फेकली आणि जा म्हटलं.

*

साक्ष झाली आणि इश्वरचे फोन थांबले. पहिला आठवडा लिलाधर यांना बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः नंबर लावला. बंद. रोज लावू लागले. रोज बंद.

नोव्हेंबरच्या मध्यावर, धान कापणीच्या ऐन दिवसांत, इश्वरची बायको रीना बसनं पवनीला आली. मी तेव्हा लिलाधर यांच्याकडेच होते. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "भाऊजी, एकवीस दिवस झाले. त्यायचा फोन नाई. दर शुक्रवारी करत होते. तुमच्याशी बोलले काय?"

लिलाधर खोटं बोलू शकले असते. त्यांनी तिला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. वही, फोटो, साक्ष. शेवटी म्हणाले, "मी बोललो, त्याच्यानंच झालं असन."

"त्यायचं नाव घेतलं तुमी?"

"नाई. एकदाबी नाई."

"पन बोललात तं खरं." रीना उभी राहिली. ज्योत्सनानं पुढे केलेलं पाणी तिनं घेतलं नाही. "तुमची पोरगी कॉलेजात चालली. माह्या पोरीनं चार वर्षांपासून बाप पायला नाई."

ती फाटकापर्यंत गेली होती. लिलाधर मागून चपला न घालता गेले आणि म्हणाले, "उद्या भंडाऱ्याले येतो मी. कलेक्टर हापिसात अर्ज देऊ. जे जे ठाऊक हाये ते मी लिवून देतो, माह्या नावानं."

आकड्यामागे लपवलेलं नाव त्यांनी त्या अर्जावर पूर्ण लिहिलं, पत्त्यासकट. मी समोर होते. मी म्हटलं, भाऊ, एवढं लिहू नका. ते म्हणाले, "पत्ता तं त्यायले ठाऊकच हाये."

अर्ज दिल्लीला गेला, तिथून वकिलातीकडे. लिलाधर आणि रीना दर सोमवारी भंडाऱ्याला जायचे. बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसायचे, असं मला कंडक्टरच्या बायकोनं सांगितलं. सात सोमवार गेले. त्यांतल्या एका सोमवारी लिलाधर यांना निरोप आला की सामियाकडे असलेल्या बेपत्ता माणसांच्या यादीशी वहीतली चौदा नावं जुळली आहेत, चौदा घरांना कळवलं आहे. त्यांनी तो निरोप रीनाला सांगितला नाही. तिला काय सांगणार?

जानेवारीत इश्वर आला. वकिलातीनं मालकाला विचारणा केल्यावर मालकानं कटकट नको म्हणून त्याला पासपोर्ट देऊन एका मालाच्या ट्रकवर बसवून बंदराकडे लावून दिलं होतं. त्याआधी दोन महिने त्याला गिरणीच्या गोदामात कोंडून ठेवलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. फिटरची बोटं.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तो आसगावच्या मिलमध्ये लिलाधर यांना भेटायला गेला; परत आल्यापासून ते पुन्हा तिथेच कामाला होते. हा प्रसंग मला दोघांनीही वेगवेगळा सांगितला, आणि दोघांचं सांगणं एकमेकांशी जुळतं, म्हणून लिहिते आहे.

लिलाधर भट्टीत कोंढा टाकत होते. इश्वर येऊन पोत्यावर बसला. मग इश्वर म्हणाला, "तुमच्या वहीत एक नाव कमी हाये."

"कोनाचं?"

"इद्रिसचं."

लिलाधर यांनी फावडं खाली ठेवलं.

"तुमी निंगाले, त्याच्या पंधरा दिवसांत," इश्वर म्हणाला. "बंदूकवाल्यायले समजलं होतं का कोनीतरी नावं लिवून घेतली. इद्रिसले नेलं. वही कोठी हाये म्हनून इचारलं. त्यानं सांगतलं नाई."

"त्यायले कसं समजलं?"

इश्वर आपल्या हाताकडे पाहत होता. मशीनचा आवाज मोठा होता. लिलाधर यांना पुन्हा विचारावं लागलं.

"मी सांगतलो," इश्वर म्हणाला. "मले दोन दिवस मारलं, भाऊ. तिसऱ्या दिवशी मी सांगतलो का लिलाधरनं लिवली, इद्रिसनं सांगतली. मले वाटलं, तुमी तं गेलेच, आता कोनाचं काय बिगडन. इद्रिस माह्या ध्यानातच आला नाई. खरंच आला नाई."

लिलाधर मला म्हणाले, त्या वेळी त्याला मारावं असं मनात आलं. फावडं हाताशी होतं. मग काचेतली पाण्याची पातळी पाहिली, उतरली होती, आणि उठून पंप चालू करावा लागला. परत येईपर्यंत इश्वर पोत्यावर तसाच बसलेला होता.

"हे तू त्या बाईले सांगशीन काय?" लिलाधर यांनी विचारलं.

"मी सांगतलो हे बी लिवन ते?"

"लिवन."

इश्वर उठून गेला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी माझ्या दारावर कोणीतरी ठोठावलं. इश्वर होता, बरोबर रीना. लिलाधर आले नव्हते. इश्वरनंच तसं कळवलं होतं, भाऊसमोर मला बोलता येणार नाही म्हणून. मी पुन्हा पडदे ओढले. सामियाला त्यानं आधी गोदामाचं सांगितलं, मग पट्टीच्या मशीनचं. मालकानंच ती पॅकिंगमधून काढून बंदूकवाल्यांना दिली होती आणि इश्वरला ती दुरुस्त करून द्यावी लागली होती. मग इद्रिसवर आला.

"पाहिलं की ऐकलं?" सामियानं विचारलं.

रीना त्याच्याकडे पाहत नव्हती, खिडकीकडे पाहत होती.

"पायलं," तो म्हणाला. "त्यायनं मले समोर उभं केलं होतं."

मी ते तसंच इंग्रजीत म्हटलं, माझं असल्यासारखं. त्यानं पुढचंही सांगितलं, मार खाऊन आपणच वहीचं आणि इद्रिसचं सांगून टाकलं ते. सांगून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "तिनं ते लिवलं काय? मी सांगतलो ते?"

मी सामियाला विचारलं. तिनं कागद वर धरून दाखवला.

इश्वरनं तो वाचता येत नसतानाही बराच वेळ पाहिला. मग उठून मागच्या अंगणात नळावर गेला आणि तोंड धुऊ लागला. रीना म्हणाली, "मॅडम, थोडं पानी द्या ना प्यायले."